शेरा: वास ठीक

पन्नाशीच्या पुढं माणसाचं काही ना काही जातंच. कुणाचे केस जातात, कुणाचे दात. आमच्या गारखेड्याच्या सोसायटीत एकाची बायकोपुढं बोलायची हिंमत गेली म्हणतात, पण ती बहुतेक लग्नातच गेली असावी. माझी वास घेण्याची शक्ती गेली, आणि मला पगार नेमका वास घेण्याचा होता.

शहराबाहेर कन्नड गावच्या रस्त्याला आमचा कारखाना आहे. तुम्ही गाडीत पेट्रोल भरता त्यात मिसळायचं इथेनॉल आम्ही करतो. म्हणूनच शेजारचे दर रविवारी मला खाली गाठतात आणि म्हणतात, "साहेब, तुमच्या मक्यानं माझ्या गाडीचं अॅव्हरेज खाल्लं." मी हसून वेळ मारून नेतो. माझ्या स्वतःच्या स्कूटरचंही खाल्लंय, पण ते सांगायची सोय नाही.

मी लागलो तेव्हा त्याला कारखाना म्हणणं जरा धाडसाचंच होतं. पत्र्याखाली तीन टाक्या, एक उंच नळकांडं, आणि साखर कारखान्याकडून टँकरनं येणारी मळी. मळीत यीस्ट सोडायचं, आंबू द्यायचं, मग उकळून अल्कोहोल वेगळं काढायचं. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल आणि काचेच्या दोन नळ्या. नळी फुटली की दुसरी येईपर्यंत प्रयोगशाळा म्हणजे मी.

तेव्हापासूनची एक रीत आहे. शिफ्ट बदलताना जाणारा आणि येणारा, दोघांनी शिडीनं टाकीवर चढायचं. झाकण उघडल्यावर तोंड आत घालायचं नाही, आत गॅस असतो, माणूस आडवा होतो. तळहातानं हवा आपल्याकडं ओढायची, एकदाच. मग खाली येऊन वहीत शेरा लिहायचा, 'वास ठीक' किंवा 'वास आंबट'. चांगली टाकी पिकलेल्या केळ्यासारखा वास मारते, त्यात थोडं जोंधळ्याचं ताजं आंबील. बिघडायला लागली की आधी दोन दिवसांच्या ताकासारखा, आणि मग मागून सिरक्याची टोचणी येते. टोचणी आली तोवर उशीर झालेला असतो. मला ताकाच्याही आधीचं कळायचं. कसं, ते मलाही सांगता यायचं नाही. थोरल्या मालकांनी एकदा माझ्या एका शब्दावर अख्खी टाकी थांबवली आणि ती बरोबर निघाली, तिथून माझं नाव झालं.

मग पेट्रोलमध्ये इथेनॉल घालायचं वाढलं आणि आमचा कारखाना वयात येणाऱ्या पोरासारखा वाढायला लागला. दर सहा महिन्यांनी पायजमा आखूड! थोरले मालक घरी बसले, त्यांचा मुलगा आला. मळी गेली, मका आला. गेटवर पिशोर, सिल्लोड, फुलंब्रीकडच्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. मका दळायच्या गिरण्या आल्या, पीठ शिजवायची भांडी आली, दुसरी चिमणी आली. उरलेला चोथा वाळवून जनावरांचं खाद्य म्हणून जायला लागला. गेटसमोरच्या चहाच्या टपरीची आधी दोन टेबलं झाली, मग हॉटेल, मग वर राहायच्या खोल्या. मी सोमवारी सुट्टी घेऊन मंगळवारी गेलो की नवा पाइप कुठून कुठं गेलाय ते विचारावं लागायचं. इतकं सगळं बदललं, पण शिडी चढून वास घ्यायची रीत तेवढी राहिली. धाकट्या मालकांना तिचं कौतुक होतं. पाहुणे आले की ते आधी कंट्रोल रूममधले पडदे दाखवायचे आणि मग मला.

"हे सगळं कॉम्प्युटरवर चालतं," ते म्हणायचे, "पण शेवटचा शब्द काकांच्या नाकाचा."

वडिलांच्या वेळचा माणूस म्हणून ते मला काका म्हणतात. पाहुणे माझ्या नाकाकडं बघायचे. मीही ते थोडं पुढं करायचो.

अशातच कोरोना झाला. ताप गेला, खोकला गेला, वास काही परत आला नाही. बाकीच्यांचा महिन्या-दोन महिन्यांत आला, माझा रजेचा अर्ज न देता गेला तो गेलाच. सुरुवातीला मास्क होते, त्यामुळे निभावलं. मग मास्क उतरले आणि मी नाटक सुरू केलं. शिडी चढायचो, डोळे मिटायचो, हवा ओढायचो. आत काहीच नाही, रिकामं घर. मग हळूच डोळे उघडून शेजारच्याचं तोंड बघायचो. त्याच्या कपाळावर आठी नसली की 'वास ठीक'. खाली येऊन तापमानाचा पडदा बघायचो, आम्लतेचा आकडा बघायचो, आणि आपण आधीच ओळखलं होतं असा चेहरा करायचो. आश्चर्य म्हणजे चालून गेलं. दोन वर्षं चालून गेलं. मला झोप मात्र धड लागेना. बसलं तर बसवेना. घरी टीव्हीसमोरून उठून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात.

"बसा की एका जाग्याला," बायको म्हणायची. "कारखान्यातला पंखा घरी आणलाय का काय?"

चोरी पहिल्यांदा पकडली आमच्या ऑपरेटरनं. हा जुन्या शहरातल्या शहागंजचा, माझ्याच वयाचा, माझ्या मागून दोन वर्षांनी लागलेला. त्याच्या मामूंचं शहागंजात अत्तराचं दुकान आहे. ईदच्या दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या मनगटावर थेंब लावला आणि म्हणाला, "देखो साहब, कैसा है?"

मी मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले. "वा! गुलाब."

त्यानं बाटलीचं बूच नीट लावलं, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

"ऊद है, साहब. लाकूड जाळल्यावानी वास असतो. बच्चा बी सांगेल." मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात, "नाक कब गया?"

मी सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. "अरे बाप रे. और अपुन लोगां दो साल से आपका मुँह देख के चल रहे!"

मी त्यांची तोंडं बघत होतो, ते माझं. टाकीकडं नेमकं कोण बघत होतं, हा विचार तेव्हा दोघांनीही पुढं नेला नाही. न्यायला हवा होता.

त्यानं मला मामूंकडं नेलं. मामू गादीवर बसलेले, पांढरी दाढी, समोर इवल्या बाटल्यांच्या रांगा. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं. डॉक्टरनं सहा गोळ्या दिल्या होत्या, मामूंनी चार बाटल्या दिल्या. गुलाब, खस, लवंग, हिना. "सुबह-शाम सूंघो. आवे ना आवे, याद करते जाव. खस सूंघ्या तो कूलर का पानी याद करो. लवंग सूंघे तो दाँत का दर्द."

"आणि हिना?"

"शादीशुदा हो ना? फिर मेरे कू कायकू पूछते?"

घरी जायच्या आधी बसस्टॉपवर बसून मी चारही बाटल्या हुंगून बघितल्या. कुठली किती सांडली कपड्यांवर, ते मला कळायला मार्गच नव्हता. दार उघडताच बायको दोन पावलं मागं सरकली.

"कुठं जाऊन आलात?"

"शहागंज."

"शहागंजात काय, अत्तराच्या हौदात पडलात? ह्या वयात?"

मग तिलाही सांगावं लागलं. मला वाटलं होतं रडेल. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तरीच. गेल्या महिन्यात दूध करपलं, अख्खी बिल्डिंग विचारायला आली, अन् तुम्ही तिथंच बसून पेपर वाचायलात. मला वाटलं आळस आहे. नाक गेलंय होय! मग सांगून टाका की कारखान्यात."

"सांगू. जरा नवीन टाकीचं होऊ दे."

ही नवीन टाकी म्हणजे कारखान्याची दुपटीची उडी. जुन्या सगळ्या टाक्यांना खाली मान घालायला लावेल एवढी मोठी. तिच्या शेजारी लहान टाकी, तिला आम्ही विरजणाची टाकी म्हणतो. तिच्यात यीस्ट वाढवायचं आणि मग मोठीत सोडायचं. घरी चमचाभर विरजण बिघडलेलं असलं की पातेलंभर दही बिघडतं, हेही तसंच. फक्त पातेलं दुमजली. मालकांनी पाहुणे बोलावले होते, नारळ, झेंडूच्या माळा, सगळं ठरलं होतं. नव्या विभागाचा प्रमुख मीच, असं तोंडी सांगूनही झालं होतं. अशा वेळी कोण उठून म्हणेल की माझं नाक बंद आहे? शूर माणूस म्हणेल. मी शूर माणसाच्या शेजारी राहतो, एवढंच.

नव्या विभागात माझ्या हाताखाली एक केमिस्ट मुलगी होती. पिशोरची, एम.एस्सी. झालेली, कायम व्हायला तीन महिने राहिलेले. तिच्या वडिलांचा मका आमच्याच गेटवर यायचा. रांगेत उभे असताना ते शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला सांगायचे, "आतमधी जी तपासणी व्हती ना, ती आमची पोरगी करती." पोरगी तरतरीत होती. हात स्वच्छ, आकडा अचूक. एकच दोष, माझ्यावर विश्वास.

विरजण सोडायच्या दिवशी दुपारी ती माझ्याकडं आली.

"सर, विरजणाच्या टाकीची आम्लता चढायलीय."

"परत काढ."

तिनं परत काढली. आकडा तितकाच.

"तुम्ही एकदा वर येऊन वास घ्या ना सर."

आम्ही शिडी चढलो. तिनं झाकण सरकवलं, हवा ओढली, मीही ओढली. नेहमीप्रमाणे मी डोळे किलकिले करून तिच्या तोंडाकडं बघितलं. ती माझ्याच तोंडाकडं बघत होती. वहीकडं बघावं तसं, पेन धरून.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"माझं नाक कच्चंय सर. तुम्ही म्हणाल तसं."

खाली मालकांचा फोन वाजत होता. उद्या पाहुणे. झेंडूच्या माळा आधीच बांधून झालेल्या, मला वरून दिसत होत्या. मी म्हणालो, "ठीक आहे."

"मग तो आकडा?"

"रसायन जुनं झालं असेल. सकाळचा होता तोच लिही."

तिनं क्षणभर पेन धरलं. मग सकाळचा आकडा लिहिला, खाली सही केली. मी तिच्या सहीखाली नेहमीचा शेरा लिहिला. आमच्याकडं अशीच पद्धत पडली होती, आकडा आणि नाक यांचं पटलं नाही तर आकड्यानं नमतं घ्यायचं. ती पद्धत माझ्यामुळं पडली होती, आणि त्या दिवसापर्यंत मला तिचा अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, फोटो झाले. टाकीला काही व्हायचं ते हळूहळू होत होतं, आणि शिफ्टवाले वहीतला माझा शेरा बघून तोच पुढं उतरवत होते. पुन्हा दोन दिवसांनी, अल्कोहोल किती आलं ते बघायला पाहुणे परत आले. मालक पुढं, मी त्यांच्या मागं. टाकीच्या बुडाशी पोचतो तोच पाहुण्यांमधल्या एका बाईंनी पदर नाकाला लावला. एकानं रुमाल काढला. मालक थबकले. मग आमचा ऑपरेटर माझ्याकडं बघून डोळ्यांनीच म्हणाला, गेलं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला वास आला होता. नव्या विभागाचा प्रमुख सोडून.

यायला हवं होतं त्याच्या निम्मंही अल्कोहोल आलं नव्हतं. टाकी रिकामी करायची, वाफेनं धुवायची, पाइपसुद्धा. मालकांनी वही मागवली. पान उलटून बघितलं आणि म्हणाले, "काका, आकडा तर बरोबर लिहिलाय. वासही ठीक. याचा अर्थ आकडाच चुकीचा काढला. पोरीचा हात अजून बसला नाही."

मी 'हं' म्हणालो. आयुष्यात मी बरीच खोटी बोललोय, बायकोशी तर नियमानं, पण त्या 'हं'एवढं लांब खोटं दुसरं नाही.

त्यांनी तिच्याकडं लेखी खुलासा मागितला. संध्याकाळी बस सुटायच्या आधी तो कागद माझ्याच टेबलावर आला, पुढं पाठवायला. दोन ओळी होत्या. आम्लता मोजताना माझ्याकडून चूक झाली, त्याबद्दल दिलगीर आहे. खाली सही. माझा उल्लेख कुठंच नाही. टाकीवर चढल्याचा नाही, 'सकाळचाच लिही'चा नाही.

गारखेड्याला उतरलो ते घरी न जाता दोन चौक नुसता चालत राहिलो. मग परत फिरलो. जेवायला बसल्यावर बायकोनं तीन वेळा 'काय झालंय' विचारलं तेव्हा सांगितलं.

"तिनं लिहून दिलं चूक माझी, अन् तुम्ही ते वाचलं?"

"वाचलं."

"मग काय केलं?"

"घडी घालून पाकिटात ठेवलं."

"घडी घालून!" तिनं भाकरी ताटात टाकली. "लई उपकार केले. आपली लेक पुण्यात नोकरीला हाय, तिचा साहेब असं करील तर तुम्ही त्याच्या दारात जाऊन बसाल. उद्या जाऊन सांगा, नाय तर परवापासून डबा बंद."

डब्याच्या भीतीनं माणसं सुधारतात, यावर माझा विश्वास आहे.

सकाळी बसमधून उतरलो तो सरळ मालकांच्या केबिनमध्ये. पाकीट हातातच. मालक फोनवर होते, मला खुर्ची दाखवली. मी तिच्या खुलाशाचं पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं, पण बसलो नाही. बसलो असतो तर उठून निघून आलो असतो.

"भाऊ, आकडा तिचा बरोबर होता. मीच दुसरा लिहायला लावला."

"का?"

"वास ठीक होता म्हणून."

"मग नाक चुकलं म्हणा. होतं कधीतरी, काका."

सोडवत होते मला. दार उघडंच होतं, निघता आलं असतं.

"चुकायला ते असावं लागतं, भाऊ. मला वास येत नाही."

"सर्दी?"

"कोरोनापासून."

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मनातल्या मनात मागं मोजत गेलेले दिसले. "म्हणजे ते तेल कंपनीचे लोक आले होते, मी त्यांना म्हणालो की शेवटचा शब्द..."

"तेव्हा बंदच होतं."

"आणि मंत्रालयातले?"

"तेव्हाही."

मला वाटलं हसतील. हसले असते तर बरं झालं असतं. ते उठून खिडकीपाशी गेले. बाहेर मक्याच्या ट्रॅक्टरांची रांग पार हॉटेलपर्यंत गेली होती.

"बाबांना कळलं तर काय वाटेल त्यांना?" ते म्हणाले. मग, "बाहेर बसा."

बाहेर म्हणजे गेटजवळचा बाक, जिथं शेतकरी आपल्या मक्याचा ओलावा किती निघतो याची वाट बघत बसतात. मी त्यांच्यात बसलो. एकानं विचारलं, "तुमचा बी वलाच निघाला का?" मी म्हणालो, "व्हय, वलाच." त्यानं तंबाखू पुढं केली. मी खात नाही, तरी घेतली.

दोन तास बसलो. त्या वेळात मी तीनदा उठलो, चारदा बसलो, रांगेतल्या ट्रॅक्टरांचे दिवे मोजले. मग ऑपरेटर आला. "पोरी का कागज फाड़ दिए साहब. तुम्हाला आत बोलवायलेत."

आत फार काही झालं नाही. मालकांनी माझ्याकडं न बघता कामाची नवी यादी दिली. नव्या विभागाचं प्रमुखपण दुसऱ्याकडं गेलं. वहीत आता आकडा मोठा, शेरा लहान, आणि आकड्याशी जुळला तरच शेरा. टाकी सोडायची की थांबवायची, ते आकडा काढणारा ठरवणार. म्हणजे ती. माझी नोकरी राहिली, ती का राहिली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पाहुण्यांना मला दाखवणं बंद झालं. पहिल्यांदा पाहुणे माझ्यासमोरून सरळ पुढं गेले तेव्हा मी सवयीनं नाक पुढं केलं होतं.

ती मुलगी आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एके दिवशी वही पुढं सरकवत म्हणाली, "सर, मला तवाच ताकाचा वास आला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही डोळे मिटले होते. मला वाटलं तुम्हाला माझ्यापेक्षा खोल कायतरी कळायलंय."

मी म्हणालो, "खोल काही नव्हतं." तिनं मान हलवली. माफ केलं की नाही, ते कळलं नाही. पण कायम झाल्याचे पेढे तिनं तीन महिन्यांनी मलाच पहिल्यांदा दिले, आणि तिचे वडील अजून गेटवर तेच वाक्य सांगतात.

आता आम्ही दोघं चढतो. हवा ती ओढते. मी विचारतो, "कशासारखा?" ती सांगते, "आजीच्या आंबिलासारखा, पण कालच्या." मग मला तीस वर्षांच्या टाक्यांमधली ती टाकी आठवते, जिची सुरुवात अशीच होती, आणि मी सांगतो पुढं काय होतं, किती तास हातात आहेत. ती खाली जाऊन आकडा काढते. बहुतेक वेळा जुळतं. मामूंच्या चार बाटल्या मी अजून सकाळ-संध्याकाळ हुंगतो. लवंग कधीकधी आल्यासारखी वाटते. बायको म्हणते, वाटण्यानं काय होतंय.

यंदा कारखान्यानं मक्यासोबत तुकडा तांदूळ घ्यायला सुरुवात केली. अजून दोन टाक्यांचा पाया खणलाय. मागच्या आठवड्यात तांदळाची पहिली टाकी चढली. आम्ही वर गेलो, तिनं हवा ओढली, एकदा, आणि नियम मोडून परत एकदा.

"कशासारखा?"

तिनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"ताकासारखा? केळ्यासारखा?"

"कशासारखाच नाय, सर. असा वास मी कधी घेतलाच नाय."

मीही नाही. मळी माहीत होती, मका माहीत होता. तांदूळ आला तेव्हा माझं नाक नव्हतं, त्यामुळे आठवणीतही तो नाही. तीस वर्षांची सगळी टाकी-पुराणं धुंडाळली, एकही लागू पडेना.

"मग काय लिहायचं?" तिनं विचारलं.

"आकडा आला की बघू," मी म्हणालो. ती खाली उतरली. मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहिलो, परत एकदा हवा ओढून बघितली, आणि काहीच न आल्यामुळं तिच्या मागोमाग निघालो.